पत्रं वाचणाऱ्या अम्मा

विरारला राहायला आल्यावर पहिली दोन वर्षं दिवसभरात माझ्याशी कोणी बोललंच नाही, असं म्हटलं तर ते फारसं खोटं होणार नाही. नवरा सकाळी सहाला बाहेर पडायचा, मुलगी त्यानंतर अर्ध्या तासाने शाळेच्या रिक्षात बसायची, आणि मग दुपारी ती परत येईपर्यंत घरात मी आणि मागच्या भातखाचरांवरून येणारा वारा. त्याआधी अकरा वर्षं मी फोर्टातल्या एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होते. नुसत्या ‘हॅलो’वरून कोण बोलतंय आणि आज त्याचं काय बिनसलंय हे मला कळायचं. मग कंपनीने नवीन यंत्र बसवलं, आम्हा चौघींपैकी दोघींना घरी पाठवलं, आणि त्याच सुमारास आम्ही परळची खोली सोडून विरार पश्चिमेच्या या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आलो. स्वतःचं घर झालं म्हणून सगळे खूश होते. मीही होते. फक्त दुपारी बाराच्या सुमाराला माझा हात उगाच कानाकडे जायचा, जिथे हेडफोन असायचा.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक तमिळ गृहस्थ एकटेच राहायचे. चाळिशीच्या आसपासचे, लग्न न केलेले. अंधेरीला एका कारखान्यात सुपरवायझर होते. मराठी चांगलं बोलायचे, पण ‘पाणी आलं का’ यापलीकडे आमचं बोलणं कधी गेलं नव्हतं. नव्वदच्या दशकाच्या शेवटीशेवटी एकदा ते गावी गेले आणि येताना आईला घेऊन आले. मी दारातून पाहिलं तेव्हा एक बुटकी, सावळी बाई कठड्याला धरून एकेक पायरी चढत होती. गुडघे दुखत असावेत. तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर तिने मागे वळून जिन्याकडे पाहिलं. आता आपण पुन्हा लवकर खाली उतरत नाही, हे तिला तेव्हाच कळलं असावं.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी दुपारी मी दाराशी बसून गवार मोडत होते, तर समोरच्या बंद दारामागून आवाज येऊ लागला. बाई बोलत होत्या, तमिळमध्ये, सलग. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मला वाटलं कोणी पाहुणे आलेत. पण उत्तर कुणाचंच येत नव्हतं. आणि तो आवाज! बुटक्या, थकलेल्या बाईचा तो आवाज वाटेचना. मोठा नव्हता, पण प्रत्येक अक्षर वेगळं ऐकू येत होतं. मला एका शब्दाचाही अर्थ कळत नव्हता तरी मी गवार बाजूला ठेवून ऐकत बसले. ऑपरेटरला एक गोष्ट लगेच कळते: कोण नुसतं बोलतंय आणि कोणाला बोलायचं शिक्षण आहे. या बाईंना शिक्षण होतं.

दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी वाटीभर वालाचं बिरडं घेऊन बेल वाजवली.

त्या चष्मा लावून उभ्या होत्या, हातात तमिळ वर्तमानपत्र होतं, टपालाने येणारं, तीन दिवसांपूर्वीचं. मोडक्या हिंदीत त्यांनी मला आत बोलावलं. मी विचारलं, तुम्ही मोठ्याने वाचता का? त्या लाजल्या. म्हणाल्या, जीभ जड होऊ नये म्हणून रोज अर्धा तास वाचते. सवय आहे. मी विचारलं, कसली सवय? तेव्हा त्यांनी सांगितलं, की तमिळनाडूच्या दक्षिण टोकाकडे, समुद्राजवळच्या एका शहरात रेडिओ केंद्र होतं, आणि तिथे त्यांनी सव्वीस वर्षं निवेदन केलं.

मी त्यांना अम्मा म्हणू लागले. त्या मला नुसतं ‘मा’ म्हणायच्या. ‘आओ मा’, ‘बैठो मा’. आमचं सगळं बोलणं हिंदीत चालायचं, आणि आम्हा दोघींचंही हिंदी यथातथाच होतं. पण रोज दुपारी अर्धा तास वर्तमानपत्र, मग अर्धा तास मी, असा त्यांचा क्रम लागून गेला. त्यांची सगळी हकिगत मला त्या अर्ध्या-अर्ध्या तासांतून तुकड्या-तुकड्यांनी मिळाली.

नवरा शाळामास्तर होता. मुलगा सहा वर्षांचा असताना नवरा काविळीने गेला. अम्मा तेव्हा तिशीच्याही नव्हत्या. कुणीतरी सांगितलं म्हणून रेडिओ केंद्रावर आवाजाच्या परीक्षेला गेल्या. सुंदर काहीतरी वाचायला देतील असं त्यांना वाटलं होतं. दिलं ते भाताच्या रोपांवर पडणाऱ्या किडीबद्दलचं माहितीपत्रक. परीक्षा घेणारा माणूस काचेपलीकडे होता. वाचून झाल्यावर तो बाहेर आला आणि म्हणाला, माझी शेती नाही, पण मला किडीची काळजी वाटायला लागली. अम्मांना नोकरी मिळाली.

पहिले काही महिने शेतकऱ्यांचा कार्यक्रम. मग संध्याकाळचा पत्रांचा कार्यक्रम त्यांच्याकडे आला, आणि तिथून त्यांचं नाव झालं. श्रोत्यांची पत्रं वाचायची, मुलांना वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायच्या, कुणी परीक्षेत पास झालं, कुणाला मुलगी झाली, ते सांगायचं, मधे गाणी. यात काय एवढं, असं मला तेव्हा वाटलं. अम्मांनी समजावून सांगितलं. पत्र आलं की त्या आधी गावाचं नाव बघायच्या. ते नीट कसं उच्चारायचं हे माहीत नसेल तर बस स्टँडवर जाऊन त्या गावच्या गाडीच्या कंडक्टरला विचारून यायच्या. म्हणायच्या, माणूस आपलं नाव चुकीचं घेतलेलं सहन करतो, गावाचं नाही. लोकांना हे कळलं असणार. पोत्याने पत्रं यायची. लग्नाच्या पत्रिका यायच्या, ओळखदेख नसलेल्या घरांतून. माणसं केंद्रावर भेटायला यायची आणि थोडी हिरमुसून जायची, कारण त्यांना उंच, गोऱ्या बाईची कल्पना असायची. ‘आवाज लंबा, मैं छोटी,’ असं सांगून अम्मा हसल्या. मीही हसले. मलाही कंपनीतल्या एका साहेबांनी प्रत्यक्ष पाहिल्यावर असंच म्हटलं होतं.

एकदा वादळात मच्छीमारांच्या होड्या अडकल्या होत्या. अम्मा दोन दिवस केंद्रावरच राहिल्या. कुठली होडी कुठल्या किनाऱ्याला लागली ती नावं कागदावर यायची आणि त्या वाचायच्या. अठ्ठावीस होड्या होत्या. सत्तावीस वाचल्या. अठ्ठाविसाव्या होडीचं नाव त्यांना कधी वाचायला मिळालं नाही. ते नाव त्यांनी मला सांगितलं, इतक्या वर्षांनीही ते त्यांना पाठ होतं. मी मात्र ते विसरले, याचं मला आज वाईट वाटतं.

मग टीव्ही आला, मग वाहिन्या आल्या. पत्रांची पोती पिशवीवर आली, पिशवी एका पाकिटावर. निवृत्तीच्या दिवशी शाल आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. काही वर्षं एकट्या राहिल्या. एकदा न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, तेव्हा मुलगा त्यांना इकडे घेऊन आला.

मुलाच्या घरात रेडिओ नव्हता. हे माझ्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं. टीव्ही होता, टेप नव्हता, साधा ट्रान्झिस्टरही नव्हता. मी एकदा म्हटलं, अम्मा, माझ्याकडचा आणून देऊ का? त्यांनी मान हलवली. त्याला आवडत नाही, एवढंच म्हणाल्या.

आमच्या गल्लीत सकाळी दहाच्या सुमाराला एक इडलीवाला अण्णा सायकलवरून यायचा. हँडलला रबरी भोंगा, मागे ॲल्युमिनियमचं मोठं भांडं. मुलीला इडली आवडायची म्हणून मी घ्यायचे, आणि तो तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. एके दिवशी अम्मांनी आपलं दार उघडून त्याला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. चटणीत चणाडाळ घातली आहे का, असं काहीतरी साधंच असावं. अण्णा चटणी वाढता वाढता थांबला. त्याने डबा खाली ठेवला. तमिळमध्ये काहीतरी म्हणाला, पुन्हा तेच म्हणाला. मग माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, ‘बहेनजी, ये कौन हैं आपको मालूम है?’

मी म्हटलं, मालूम है.

तो जिन्यातच खाली बसला. त्याने सांगितलं, की त्याच्या गावात चहाच्या टपरीवर संध्याकाळी सगळे या बाईंचा कार्यक्रम ऐकायचे. त्याच्या बहिणीला मुलगी झाली तेव्हा आईने कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं होतं, आणि ते वाचलं गेलं होतं. अम्मांनी गावाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. अम्मा म्हणाल्या, पत्र आठवत नाही, पण तुझं गाव आठवतं, तिथल्या पोस्टाचा शिक्का नेहमी अर्धाच उमटायचा. अण्णाने दोन्ही हातांनी डोळे पुसले. मग तो उठून सरळ उभा राहिला आणि अम्मांच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीचं वाक्य त्याने त्यांच्याच चढउतारात म्हणून दाखवलं. अम्मा दाराला टेकून ऐकत होत्या. त्यांना कुणी त्यांचाच आवाज ऐकवावा, असं पूर्वी कधी घडलं नसावं.

त्यानंतर दोनेक महिने समोरच्या घरात माणसं येऊ लागली. अण्णाने सगळीकडे सांगितलं होतं. नालासोपाऱ्याच्या गाळ्यांत काम करणारी माणसं, जूचंद्रला नव्याने राहायला आलेलं एक जोडपं, वसईच्या एका दवाखान्यातली नर्स. रविवारी दुपारी यायची, केळी, फरसाणासारखं मिक्स्चर असं काही आणायची, अम्मांसमोर जमिनीवर बसायची. भुईगावहून फुलं घेऊन येणारी एक बाई होती, दारोदार मोगरा विकायची. तिने एवढ्या चपला बघून मला विचारलं, ‘तिकडं काय पूजा हाय का?’ मी म्हटलं, नाही गं, त्या रेडिओवर होत्या. तिला ते पूजेइतकंच पटलं असावं, कारण तिने गजरा पुढे केला आणि पैसे घेतले नाहीत. मुलगा मात्र रविवारी जेवून बाहेर पडायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. लोक त्याला नमस्कार करायचे, तो मान हलवून चपला ओलांडून जायचा.

जानेवारीत वसईच्या एका शाळेच्या सभागृहात पोंगलचा कार्यक्रम होता. तिथल्या मंडळींनी अम्मांना निवेदनासाठी बोलावलं. त्या खूप दिवसांनी जिना उतरणार होत्या. आठवडाभर त्यांनी तयारी केली, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काढलं. मोहरीच्या रंगाची रेशमी साडी नेसल्या. मुलाने येतो असं म्हटलं नाही, येत नाही असंही म्हटलं नाही. त्या दिवशी त्याला कारखान्यात काम निघालं. मग मीच रिक्षा आणली आणि एकेक पायरी करत त्यांना खाली उतरवलं.

सभागृह गच्च भरलं होतं. बहुतेक इथेच जन्मलेली मुलं, त्यांचे तरुण आईबाप. पुढच्या रांगांत नाचाचे कपडे घातलेल्या मुली. सूत्रं एका तरुण मुलाकडे होती, अतिशय नम्र, पण घाईत. त्याने अम्मांच्या पाया पडून सांगितलं, की कार्यक्रम लांबलाय, तेव्हा फक्त सुरुवातीला चार मिनिटं. अम्मा बरं म्हणाल्या. माइक त्यांच्यापेक्षा उंच होता, तो खाली करता करता कर्कश शिट्टी वाजली आणि मुलं हसली. मग त्या बोलू लागल्या. मागच्या रांगांतली पन्नाशी-साठीची माणसं उठून उभी राहिली. अण्णा त्यांच्यात होता. पुढे मात्र गोंगाट सुरूच होता. एक आई मुलीच्या पायांतले घुंगरू बांधत होती, ते छुमछुम वाजत होते. अम्मांनी तिकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, पुन्हा तिकडे पाहिलं. आणि त्या थांबल्या. दोन-चार वाक्यं सोडून त्यांनी शेवटचं वाक्य वाचलं आणि नमस्कार केला. टाळ्या पडल्या. लगेच नाचाची कॅसेट लागली.

येताना रिक्षा पाण्याच्या टँकरच्या मागे अडकली होती. मी म्हटलं, अम्मा, मागची माणसं उभी राहिली होती. त्या म्हणाल्या, ‘मा, स्टुडिओत समोर कुणी नसतं. मी नेहमी एकाच माणसाशी बोलायचे. कुठेतरी एकटा बसलाय आणि ऐकतोय, अशा एकाशी. आज चारशे होते. त्यात तो कुठे बसलाय, हे मला सापडेना.’

त्यानंतर रविवारची माणसं कमी होत गेली. राग कुणाचाच नव्हता. प्रत्येकाने आपलं पत्र, आपलं गाव, आपली आठवण एकदा सांगितली होती, आणि त्यापुढे सांगण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. अण्णा तेवढा रोज यायचा, दोन इडल्या ठेवून जायचा.

मला अम्मांच्या मुलाचा राग आला होता. एका रविवारी दुपारी गच्चीवर टाकीत पाणी चढलंय का ते बघायला मी गेले, तर ते तिथेच होते, टाकीच्या सावलीत बसलेले. म्हणजे रविवारी ते फार लांब जातच नव्हते. मी न राहवून म्हटलं, तुम्ही वसईला यायला हवं होतं. अम्मांना बरं वाटलं असतं.

ते म्हणाले, ‘वहिनी, मला संध्याकाळी शेजारच्यांकडे सोडून ती केंद्रावर जायची. त्यांच्या घरी रेडिओ लागायचा. रोज माझी आई दुसऱ्यांच्या मुलांना हॅपी बर्थडे म्हणायची. त्यांची नावं घ्यायची. इतकं प्रेमाने, की शेजारच्या बाई रडायच्या. माझ्या वाढदिवसाला मी रेडिओच्या समोर बसायचो. सातव्या वर्षी बसलो, आठव्या वर्षी बसलो. दहाव्या वर्षापर्यंत बसलो.’

मी विचारलं, नाही घेतलं नाव?

‘केंद्राचा नियम होता. कामावरच्या माणसांनी घरच्यांची नावं घ्यायची नाहीत. मला समजतं ते. तेव्हाही समजावलं होतं तिने.’ एवढं बोलून ते टाकीत डोकावले, पाणी पुरेसं आहे म्हणाले आणि खाली गेले.

हे अम्मांना सांगावं की नाही, यावर मी पंधरा दिवस घालवले. शेवटी सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही. हातातलं वर्तमानपत्र त्यांनी घडी करून मांडीवर ठेवलं. म्हणाल्या, नियम होता हे खरं. पण बाकीचे निवेदक काय करायचे माहीत आहे? खोट्या नावाने पत्र टाकायचे. मामाच्या नावाने, शेजाऱ्याच्या नावाने. सगळ्यांना माहीत होतं. कुणी काही म्हणत नव्हतं. मी केलं नाही. मला माझ्या खरेपणाचा फार अभिमान होता.

त्या वर्षी मुलाच्या वाढदिवसाला त्यांनी काय केलं, ते मला दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडून कळलं. सुट्टीचा दिवस होता. दुपारी मुलगा जेवायला बसल्यावर त्या समोर खुर्ची घेऊन बसल्या आणि त्यांनी कार्यक्रम केला. अगदी सुरुवातीच्या वाक्यापासून. दोन गावांची नावं, दोन मुलांची नावं, आणि तिसरं नाव त्याचं. सात वर्षं पूर्ण, अमुक गल्ली, अमुक गाव, आईकडून शुभेच्छा.

मी विचारलं, मग?

‘ऐकलं त्याने. पूर्ण ऐकलं. मग थोडं रसम मागितलं.’

त्या दुपारी त्यांनी वर्तमानपत्र वाचलं नाही, आम्ही दोघी मागच्या खिडकीशी बसून राहिलो. तोवर भातखाचरं बुजवून तिथे नवीन इमारतीचे खांब उभे राहिले होते.

त्यानंतर दीड वर्षाने अम्मा गेल्या. आदल्या संध्याकाळी छातीत दुखतं म्हणाल्या, दवाखान्यात नेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी संपलं. अण्णा आला, नर्स आली, सभागृहातले दोघे-तिघे आले. गावाकडच्या एका वर्तमानपत्रात चार ओळींची बातमी आली होती, फोटो नव्हता. तो अंक टपालाने समोरच्या घरी आला, नेहमीसारखाच तीन दिवसांनी.

महिना-दीड महिन्याने मुलाने आमची बेल वाजवली. ते आत येऊन बसले, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्यांनी केंद्राला पत्र लिहिलं होतं, आईच्या कार्यक्रमाचं एखादं रेकॉर्डिंग मिळेल का म्हणून. उत्तर आलं होतं. तो कार्यक्रम थेट व्हायचा, आणि ज्या थोड्या टेप होत्या त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. पत्रात खेद व्यक्त केला होता.

‘तुमच्याकडे टेपरेकॉर्डर होता ना, वहिनी,’ ते म्हणाले. ‘तुम्ही रोज ऐकत होता. कधी टेप केलं होतं का?’

टेपरेकॉर्डर होता. मुलगी त्यावर शाळेच्या कविता भरायची. कोऱ्या कॅसेट कपाटात पडलेल्या होत्या. चार वर्षं रोज दुपारी अर्धा तास मी तो आवाज ऐकला, आणि तो टिपून ठेवावा हे माझ्या एकदाही मनात आलं नाही. मी तसं सांगितलं. ते हो म्हणाले, जणू त्यांना हेच उत्तर ठाऊक होतं.

मग त्यांनी विचारलं, कसा होता आवाज? मला आता घरातलाच आठवतो, ओरडलेला, खोकलेला. रेडिओतला आठवत नाही.

अकरा वर्षं आवाजांवर नोकरी केलेली मी. पण मला सांगता येईना. गोड म्हणावं तर गोड नव्हता, भारदस्त म्हणावं तर तेही नाही. शेवटी मी एवढंच म्हणाले, की कुणाचंही नाव घेण्याआधी त्या किंचित थांबायच्या. श्वास घेण्यापुरत्या.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, ‘हो. थांबायची. मी तेवढ्यात दर वेळी वाट बघायचो.’

चहा घेऊन ते गेले. पुढच्या वर्षी त्यांनी बदली घेतली आणि फ्लॅट भाड्याने दिला. तिथे एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं. दोघंही कामाला जातात, दार दिवसभर बंद असतं.